सदरहू सायकल, सदरहू मुलगी

राहुरी मागे पडली की मी गाडीची काच वर करायला सांगते, आणि तरी तो वास आत येतोच. साखर कारखान्याच्या मळीचा. ज्याला तो माहीत नाही त्याला कसा सांगू? गूळ करपावा, त्यात कोणीतरी ताक सांडावं आणि ते पातेलं चार दिवस उन्हात विसरावं, असा काहीसा. परवा त्या वासात मी पाऊण तास बसून होते. पुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, प्रत्येकामागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं, तेही शेजारच्याच्या वर आवाज काढून. ड्रायव्हरनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मी चिडले. चिडायला मला मुळातच आवडतं, आणि या रस्त्यावर चिडण्याचा तर माझा जुना हक्क आहे. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात, याच तुकड्यावर, जगातल्या सगळ्या भल्या माणसांनी मिळून माझा अतोनात छळ केला होता.

त्या दिवशी मी नगरहून देवळाली प्रवरापर्यंत सायकलवर गेले. अठ्ठावीसेक मैल. त्याआधी माझी मजल घर ते कॉलेज आणि फार तर भिंगारपर्यंत. वय अठरा. का गेले, ते विचारू नका. दिल्ली दरवाज्यापासून देवळालीच्या वेशीपर्यंत भेटलेल्या प्रत्येक माणसानं तेच विचारलं, मी तेव्हाही सांगितलं नाही, आणि आता तर मला खरंच आठवत नाही. जायचं होतं. रस्ता होता. सायकल होती.

सायकल मात्र सगळी आठवते. काळी, लेडीज, पुढचा दांडा हंसाच्या मानेसारखा खाली वाकलेला. साडीचा पदर अडकू नये म्हणून मागच्या चाकावर लाल-पिवळ्या दोऱ्यांची जाळी. सीटखाली दोन स्प्रिंगा, बसताक्षणी कण्हणाऱ्या, जणू मीच त्यांच्या घरी फार दिवस राहायला आले आहे. पुढे नगरपालिकेचा पितळी बिल्ला. दर रविवारी सकाळी मी तिला अंगणात उलटी करून रॉकेलच्या चिंधीनं पुसायची. रॉकेल, रबर आणि उन्हात तापलेलं शेणानं सारवलेलं अंगण, हा माझ्या रविवारचा वास. धाकटा भाऊ अरुण तेव्हा आठवीत होता. तो पायरीवर बसून नुसता बघत राहायचा. मांजर दुधाच्या पातेल्याकडे बघतं तसा.

आमचे नाना, म्हणजे वडील, कचेरीत नकला लिहायचे. लोकांच्या जमिनींचे, वाटण्यांचे, बांधावरच्या भांडणांचे कागद ते मोत्यासारख्या अक्षरात उतरवून काढत. दिवसभर तीच भाषा हाताखालून जायची, मग घरी तीच तोंडात. आमटी अळणी झाली तर ते म्हणत, "मीठ टाकल्याचे दिसून येत नाही." मी देवळालीला मावशीकडे सायकलवर जाणार म्हटल्यावर आई रडली, अरुण हसला, आणि नानांनी कागद घेतला. आखीव कागद. टाक दौतीत बुडवला, शाई झटकली आणि लिहिलं: सदरहू सायकल अथवा सदरहू मुलगी, यांपैकी कोणीही कोणत्याही वाहनात अंशतः वा पूर्णतः चढल्यास, सायकल धाकट्या मुलाकडे वर्ग होईल. चढावर हातात धरून चालणे ग्राह्य.

"सही कर," ते म्हणाले.

"आणि तुम्हाला कळणार कसं, मी कशात चढले की नाही?"

"मी काही मागे मागे येऊन बघणार नाही. तू आल्यावर विचारीन. तू सांगशील ते खरं धरीन."

ही त्यांची खरी क्रूर अट. बघणारं कोणी असतं तर फसवता आलं असतं. मी सही केली. अरुणनं आनंदानं साक्षीदार म्हणून केली.

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. पहाटेची थंडी अशी की दिल्ली दरवाज्याच्या दगडांनाही घाम सुटल्यासारखा ओलावा. सावेडीला तेव्हा शेतं होती. ज्वारी हुरड्यात येऊन उभी, आणि तिच्यातून येणारा गार, हिरवा, किंचित गोड दर्प. रस्त्याच्या दोन्ही कडांना लिंब आणि वड, इतके जवळजवळ की खाली रस्ता सावलीच्या बोळासारखा. परवा मी गाडीतून ते मोजायला गेले. मोजायला काही उरलेलंच नव्हतं, त्यामुळे हिशोब सोपा गेला. दगडही तेव्हा दोन प्रकारचे होते, जुने मैलांचे आणि नवे किलोमीटरचे. एक दगड म्हणायचा बरीच आलीस, पुढचा म्हणायचा अजून चाळीस. मला सकाळी सातलाच दगडांचा राग यायला लागला.

विळद घाट उतारावर आहे. तो मी पाय न हलवता उतरले. कानात वारा, डोळ्यांत पाणी, ब्रेकच्या रबराचा जळका वास, आणि तोंडातून आपोआप निघालेली एक लांबच लांब किंकाळी. इतकी मजा आयुष्यात नंतर फार थोड्या वेळा आली. ती तीन मिनिटं कोणी काही विचारलं नाही.

देहऱ्याला चहाच्या टपरीपाशी पाणी प्यायला पाय टेकला आणि छळाला सुरुवात झाली.

"कुठं निघाल्या ताई?"

"देवळालीला."

"कोन आजारी हाय का?"

"नाही."

"मग?"

"सहज."

त्या बाकावर पाच माणसं बसली होती. पाचही माझ्याकडे वळली. सहज, इतक्या लांब, सायकलवर, बाईमाणूस. मग त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यानं कप बशीत ठेवला आणि बाकीच्यांना हळूच सांगितलं, "घरी भांडान झालं आसंल. इचारू नका." आणि मला मोठ्यानं, "च्या घे पोरी. आईबापाचं बोलनं मनावर घ्यायचं नसतं." मी सांगितलं की भांडण नाही. त्यावर त्यांनी अजूनच कळवळून बघितलं. टपरीवाल्यानं चहात साखर जास्त घातली. तो चहा इतका गोड होता की मला खरंच भांडण झाल्यासारखं वाटायला लागलं.

वांबोरी फाट्याच्या पुढे एका वस्तीपाशी त्याहून भारी प्रकार झाला. मी येताना दिसले मात्र, कट्ट्यावरची सगळी बाप्ये माणसं उठली आणि पांगली. एक गोठ्यात शिरला, एक विहिरीमागे, एक म्हातारा तर ज्वारीत. माझ्यात इतकी दहशत आहे हे मला माहीत नव्हतं. तेवढ्यात घराघरांतून बायका लेकरं कडेवर घेऊन धावत आल्या.

"नर्सबाई आल्या गं!"

तेव्हा या भागात सायकलवरून येणारी बाई एकच असायची, कुटुंब नियोजनाची. म्हणून पुरुष ज्वारीत आणि बायका रस्त्यात. मी घसा फोडून सांगितलं की मी नर्स नाही.

"बरं, न्हाई तर न्हाई. ह्या पोराचा कान बघा, वाहतोय."

"अहो, मी कॉलेजात शिकते."

"काय शिकता?"

"संस्कृत."

"मग त्येच्यावर कान बघता येत न्हाई व्हय?"

शेवटी मी कान बघितला. काय करणार? राहुरीला डॉक्टरकडे न्या म्हणून सांगितलं. बाईनं समाधानानं मान हलवली, "बघा, म्हनत हुत्या न्हाई येत." दुसरीनं ओंजळभर बोरं माझ्या पिशवीत ओतली. तिसरीनं हुरडा आणला, गरम, राख झटकलेला, कोवळ्या दाण्यांना तो जाळाचा वास. तो मी उभ्याउभ्या खाल्ला आणि खाताना डोळे मिटले, हे कबूल करते. निघताना ज्वारीतून म्हाताऱ्याचा आवाज आला, "गेली का?"

मुळेच्या पुलावर वारा होता. नदीत पाणी कमी, वाळू जास्त, आणि त्या वाळूत कलिंगडांच्या वाड्या आखायची कामं चाललेली. पुलावर मी थांबले नाही. थांबलं की कोणीतरी नदीतून वर येऊन कारण विचारील, अशी मला आता खात्रीच झाली होती. राहुरीत हवा भरून घेतली. हवा भरणाऱ्यानं पंप मारता मारता कारण विचारलं. मी सांगितलं, "नवऱ्याला शोधायला." तो इतका गंभीर झाला की त्यानं दुसऱ्या चाकातही हवा भरली.

राहुरीच्या पुढे मुलूख बदलायचा. पाटाचं पाणी, काळी ओली माती, दोन्ही बाजूंना माणसाच्या दुप्पट उंच ऊस. उसाची पानं एकमेकांवर घासली की रेशमी साडीतली पुष्कळ माणसं एकदम उठल्यासारखा आवाज होतो. अधूनमधून गुऱ्हाळ. काहिलीत उकळणाऱ्या रसाचा वास पोटात जाऊन बसायचा आणि तिथून हलायचा नाही. आणि रस्त्यावर बैलगाड्या. लोखंडी धावेच्या, ऊस खच्चून भरलेल्या, कारखान्याकडे निघालेल्या, एकीला एक लागून. घुंगरमाळा, वंगण, शेण, चाकांची करकर. आज त्या रांगेत एक बैल दिसत नाही. आज बैलांच्या जागी गाणी आहेत.

तिथेच रस्त्याकडेच्या एका वस्तीवरून एक काकू हात करत आल्या. हळदीकुंकू होतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत या बायका रस्त्यानं जाणारी वाऱ्याची झुळूकसुद्धा कुंकू लावल्याशिवाय सोडत नसत. मी म्हटलं, मला उशीर होतोय. काकू म्हणाल्या, "कुवारीन पोर दारावरनं रिकामी जाती व्हय? पाच मिन्टं." त्यांचे म्हातारे सासरे, आबा, लिंबाखाली दोर वळत बसले होते. ते म्हणाले, "जा पोरी. सायकलीवर मी ध्यान ठेवतो."

पाच मिनिटांत हळद लागली, कुंकू लागलं, तिळगूळ, उसाचे करवे, गाजर, हरभरा आणि वाण म्हणून एक पितळी गाळणं मिळालं. सात बायकांनी कारण विचारलं. बाहेर आले तर लिंब होता, आबा होते, दोर नव्हता आणि सायकल नव्हती.

"आबा, सायकल?"

"पाठवली," आबा म्हणाले. चेहरा असा उजळलेला की जणू मला मुलगा झाल्याची बातमी देत आहेत. "आमच्या जावयाची गाडी चालली हुती कारखान्याला. म्हनलं, पोर लांबनं आलीया, पाय दुखत आस्तील. उसावर टाकली, नव्या दोरानं बांधली. देवळालीच्या फाट्यावर उतरून देईल. आता तू आरामात यष्टीनं जा."

मी काय बोलले ते लिहीत नाही. सगळं संस्कृत नव्हतं. आबा अर्धा वेळ ऐकत राहिले आणि शेवटी सुनेला म्हणाले, "लई दमलीया बिचारी."

सदरहू सायकल. पूर्णतः. अरुणचं पायरीवरचं तोंड डोळ्यांपुढे आलं. पण मी तर चढले नव्हते ना अजून? मी पदर खोचला, गाळणं पिशवीत कोंबलं आणि त्या रांगेच्या कडेनं पळत सुटले. प्रत्येक गाडीवर वर मान करून बघायची आणि विचारायची, "माझी सायकल बघितली का?"

"कंची? ती वर बसलीया ती?"

"हो!"

"पुढं गेली. लई ऐटीत बसलीया."

एक मैल पळाले असेन. अखेर दिसली. उसाच्या ढिगावर आडवी, चार दोरांनी जखडलेली, पुढचं चाक आभाळाकडे संथ फिरत असलेलं. मला इतका मत्सर कधीच कोणाचा वाटला नाही.

जावई तरुण होता, भित्रा होता आणि मला द्यायला तयार नव्हता. "मामांनी सांगितलंय, फाट्यावर द्यायची. मधी दिली तर मला बोलतील."

"माझी सायकल आहे!"

"व्हय. पन सासरा माझा हाय."

"मग मी काढून घेते."

"घ्या की. चढा वर."

चढा वर! मी चाकाच्या आऱ्यावर पाय ठेवला आणि थांबले. सदरहू मुलगी. अंशतः. पाय परत जमिनीवर घेतला. बघणारं घरचं कोणी नव्हतं, त्या जावयाला काही फरक पडत नव्हता, आणि नगरमध्ये एक माणूस आखीव कागद टेबलाच्या खणात ठेवून मी सांगेन ते खरं धरणार होता. त्या क्षणी मला नानांचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मग मी एकच करू शकत होते ते केलं. बैलांच्या पुढे जाऊन रस्त्याच्या मधोमध मांडी घालून बसले.

बैलांनी माझ्या डोक्याचा वास घेतला. मागची गाडी थांबली, तिच्या मागची थांबली, तिच्या मागची. लांबवर, गाड्या दिसेनाशा होईपर्यंत, घुंगरं एकेक करून गप्प होत गेली. मग आरडाओरडा. "कोन मेलं?" "एक बाई बसलीया!" "का?" इथेही का! तेव्हा परवा या रस्त्यावर मी कोंडीला शिव्या घातल्या असल्या, तरी ही परंपरा इथे कोणी सुरू केली हे मला चांगलं ठाऊक आहे.

पाव तासानं जावई वर चढला आणि रडवेल्या चेहऱ्यानं दोर सोडू लागला.

आणि आता, वाचकहो, तुम्ही म्हणाल, झालं, बसली असेल आणि गेली असेल देवळालीला. नाही ना! तो एक मैल सायकल गाडीत बसून आली होती आणि मी पळत. तो मैल कोणाच्याच नावावर नव्हता. मी सायकल फिरवली आणि नगरच्या दिशेनं पायडल मारलं.

ज्या गाडीवानांना मी आत्ताच अडवलं होतं त्या सगळ्यांच्या समोरून, उलट्या बाजूनं.

"आता मागारी निघाली!"

"आगं, देवळाली तिकडं हाय!"

"येडी हाय वो. सोडा."

समोरून एक एस.टी. रांगेच्या कडेनं धूळ उडवत आली. तिच्या खिडकीतून कोणीतरी अर्धं बाहेर येऊन काळी टोपी हलवत माझ्यावर ओरडलं. त्या दिवशी माझ्यावर ओरडणारा तो विसावा माणूस असेल. मी त्याला जीभ काढून दाखवली आणि पुढे गेले.

वस्तीवर आबा लिंबाखालीच होते. "काय राह्यलं का?" मी पुढचं चाक लिंबाच्या बुंध्याला टेकवलं, पाय न टेकता वळले, आणि त्यांच्या "आगं च्या तरी..." ला मागे टाकून निघाले. ते शब्द किती वेळ माझ्या पाठीवर होते.

ऊन कललं. पिवळं, मऊ, उसाच्या तुऱ्यांवर सांडलेलं. पाय दगडाचे झाले होते, साडीवर धुळीचा आणि वंगणाचा नकाशा, कपाळावर सात बायकांची हळद. गाड्यांची रांग अजून पुरती हलली नव्हती. कारखान्याचं धुराडं दिसायला लागलं, त्याच्यातून सरळ वर जाणारा धूर, आणि तो वास. त्या वासाला मी आज नाक मुरडते, पण त्या संध्याकाळी तो पोचत आल्याचा वास होता. तेव्हा तो मला सुंदर वाटला होता, हे काच बंद करून बसलेल्या माझ्या आजच्या नाकाला पटत नाही.

आणि समोरून, रस्त्याच्या कडेकडेनं, कोट, धोतर आणि काळी टोपी घातलेला एक बारीक माणूस लंगडत येत होता.

"नाना?"

ते थांबले. श्वास घेतला. टोपी नीट केली.

"मला देवळालीत काम होतं," ते म्हणाले.

"काय काम?"

"होतं."

सकाळपासून मला छळणाऱ्या प्रश्नाचं इतकं सोपं उत्तर असू शकतं हे मला सुचलंच नव्हतं.

नाना दुपारच्या एस.टी.नं निघाले होते. खिडकीतून त्यांना दिसलं की त्यांची मुलगी जीव तोडून नगरच्या दिशेनं परत चालली आहे. त्यांना वाटलं, संपलं, हरली पोर. कारखान्यापाशी उतरले. परतीची गाडी उसाच्या रांगेत अडकलेली. मग नव्या बुटांनी चालत, माझ्या मागे.

"जीभ काढलीस," ते म्हणाले.

"तुम्ही मागे येऊन बघणार नव्हता."

नानांनी खाली वाकून बुटावरची धूळ झटकली.

ते चालतो म्हणाले, पण बूट चावत होता आणि अडीच मैल बाकी होते. नानांचं वजन म्हणजे एक छत्री. कागदात वडिलांविषयी काही नव्हतं. ते कॅरिअरवर बसले, दोन्ही पाय एका बाजूला, पंचांसमोर बसावं तसे ताठ. सीटच्या स्प्रिंगा हातांनी घट्ट धरल्या. मी पायडल मारत मारत सगळं सांगितलं. हळदीकुंकू, आबा, जावई, एक मैल पुढे, एक मैल मागे. त्यांनी विचारलंही नव्हतं. पण विचारणार होते, आणि ते विचारण्याची वाट बघणं मला जमेना.

मागे नानांनी स्प्रिंगा जरा सैल सोडल्या. मग, "बेबी."

"काय?"

"नियमाप्रमाणे सायकल गेली."

"मी परत नेली ना ती! सगळं पुन्हा मारलं!"

"ते तू चांगलं केलंस. पण पुन्हा मारल्यास अट रद्द होते, असं लिहिलेलं नाही."

मी ब्रेक दाबला. "उतरा."

"का?"

"सायकल अरुणची. त्याला न विचारता त्याच्या सायकलवर डबलसीट कशी नेऊ?"

"त्याची संमती गृहीत धरता येईल."

"लेखी आहे?"

नाना उतरले. खरं सांगते, ते उतरतील असं मला वाटलं नव्हतं. ते चालायला लागले. मग मलाही बसता येईना. मीही उतरले. आम्ही दोघं चालत आणि मधे धडधाकट सायकल, दोन्ही चाकांत राहुरीची हवा. नाना डाव्या पायानं लंगडत होते. मी दोन्ही पायांनी. रांगेतल्या एका गाडीवानानं आपुलकीनं विचारलं, "सायकल मोडली का वो?"

"नाही," नाना म्हणाले. "मालक इथे नाही."

गाडीवानानं आमच्याकडे बघितलं आणि बैलांना जरा जोरात हाकारलं.

फर्लांगभर गेल्यावर नाना एका दगडावर बसले. तो मैलाचा होता की किलोमीटरचा, बघायचं भान नव्हतं. त्यांनी बूट काढला, खडा झटकला, मोजा सरळ केला, बूट घातला, नाडी बांधली, सोडली, परत बांधली. नाडीकडे बघतच बोलले.

"सायकल आपणहून चढली नाही. चढवली गेली."

मी पदरानं घंटी पुसू लागले.

"तुला न विचारता."

मी पुसतच राहिले.

"आणि तुला चढता येत होतं तेव्हा तू चढली नाहीस." ते उठले. "तू ते मला सांगायलाच पाहिजे होतं असं नव्हतं."

"मग?"

"मग काय? तुझी. बस आता, अंधार पडेल."

मी बसले. ते मागे बसले. स्प्रिंगा कण्हल्या. कारखान्याचा भोंगा झाला आणि रस्त्यावरच्या सगळ्या बैलांनी एकदम कान हलवले. फाट्यावरून वळल्यावर उसाची भिंत दोन्हीकडून जवळ आली, गार हवा पायांना लागली, पाटातलं पाणी दिसेनासं होऊन नुसतं ऐकू येऊ लागलं. त्या सबंध वाटेत नाना एकदाच बोलले. "खड्डा," ते म्हणाले. तोवर आम्ही त्यात होतो.

देवळालीची वेस आली. पुढे पेठ, पेठेत मावशीचं घर. मावशी म्हणजे नानांची मेहुणी. तिच्या गल्लीत नाना कधी बिनकोटाचे गेले नव्हते. दिवेलागणीची वेळ, दुकानांतून कंदील पुसणं चाललेलं, बायका पाणी भरत होत्या, कोणी शेरडं आत घेत होतं. मी वेग कमी केला.

"नाना, इथे उतरता का?"

"का?"

"लोक बघतील."

मागे थोडी हालचाल झाली. टोपी काढल्याची, झटकल्याची, परत घातल्याची.

"कोणी बघत नाहीये," नाना म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चक्क तक्रार होती. "घंटी वाजव."